मशीन येण्याआधी तळ्यावर कोण बघतंय? जलपर्णीवरचा पहारा, सोप्या भाषेत

फेब्रुवारी-मार्च आला की मराठी पेपरात एक फोटो ठरलेला असतो. वरून बघितलं तर हिरवंगार मैदान वाटतं, खालची ओळ वाचली की कळतं अरे ही तर नदी आहे. पुण्यात मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, कोल्हापुरात पंचगंगा, नाशिकला गोदावरी, खाली भीमेवर उजनीचं धरण, मुंबईत पवई तलाव. पुण्यात जलपर्णी म्हणतात, कोल्हापुरात केंदाळ, नाशिकला पाणवेली, वनस्पती तीच. मग डासांच्या तक्रारी, मग टेंडर, मग पोकलेन आणि ट्रक, आणि पुढच्या वर्षी परत तोच फोटो.

लोक चिडतात आणि चिडायलाच पाहिजे, पण आपण सगळे प्रश्न विचारतो तो मार्चमधला, की अजून काढली का नाही. मला वाटतं विचारायचा प्रश्न ऑक्टोबरमधला आहे. पाऊस संपल्यावर नाल्याच्या तोंडाशी पहिली दहा-वीस झाडं अडकली तेव्हा ती कोणी बघितली होती का, आणि बघितली असेल तर कोणाला सांगितलं? जगात बऱ्याच ठिकाणी हे "बघायचं" काम साधी माणसं करतात, रिटायर झालेले लोक, शाळेतली पोरं, मासेमारी करणारे, पक्षी बघणारे. ते काम नक्की काय असतं आणि आपल्याकडे ते कसं करता येईल, हे नीट समजून घेऊ.

आधी ही वनस्पती आली कुठून

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फूल फार सुंदर, फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका, त्यामुळे लोकांनी ती बागेतल्या हौदासाठी जगभर नेली. भारतात ती १९व्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आली आणि बघता बघता तिथल्या खाड्या, भातशेती, होड्यांचे रस्ते सगळं भरून गेलं, इतकं की १९३६ साली तिथे खास जलपर्णीसाठी कायदा करावा लागला.

अशा वनस्पतींना "आक्रमक परदेशी प्रजाती" म्हणतात. म्हणजे दोन गोष्टी एकत्र: ती इथली नाही, आणि इथे येऊन ती इतरांची जागा खाते. नुसतं परदेशी असणं हा गुन्हा नाही हो, मिरची पण परदेशी, बटाटा पण परदेशी. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली तेव्हा या प्रजातींची व्याख्या त्यात आली आणि त्यांची आयात, विक्री, प्रसार यांवर बंधनं घालायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण कायदा दिल्लीत आणि नाला आपल्या घरामागे.

मूळ देशात तिला खाणारे किडे असतात, बुरशी असते, तिथे ती आटोक्यात राहते. इथे तिला खाणारं फारसं कोणी नाही.

इतकी वाढते कशी

एका झाडाच्या बुडातून आडवा देठ फुटतो, त्याच्या टोकाला नवीन झाड, त्याला परत देठ. बी पडायची, रुजायची वाट बघायची गरजच नाही. ऊन आणि खाद्य भरपूर असेल तर साधारण दोन आठवड्यांत झाडं दुप्पट होतात. आता गणित करा. दहा झाडांपासून सुरुवात, दोन महिन्यांत १६०, चार महिन्यांत अडीच हजार, सहा महिन्यांत चाळीस हजार. आपल्याकडे थंडीत वेग थोडा कमी होतो, पण ऑक्टोबरला दहा असलेली झाडं मार्चमध्ये तळं झाकतात यात काही जादू नाहीये, नुसता गुणाकार आहे.

आणि या गणितातली खरी गोम म्हणजे पहिले दोन-तीन महिने काही दिसतच नाही. १६० झाडं मोठ्या तलावाच्या एका कोपऱ्यात कोणाच्या नजरेत येणार? नजरेत येतात तोपर्यंत काम हाताबाहेर गेलेलं असतं, कारण ओल्या जलपर्णीत ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं आणि दाट वाढलेल्या एका हेक्टरमधून काहीशे टन माल बाहेर काढावा लागतो. दहा झाडं काढायला दोन माणसं आणि एक घमेलं पुरतं.

खाली काय होतं ते पण सांगतो. ऊन अडतं, पाण्यातलं शेवाळ आणि बुडातल्या वनस्पती मरतात, वरची पानं कुजून खाली बसतात आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात, मासे गुदमरतात. मासेमारी करणाऱ्याचं जाळं टाकता येत नाही, होडी जात नाही. आणि पाणी थांबलं की डास आलेच, काही जातीच्या डासांच्या अळ्या तर या पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटूनच हवा घेतात.

मशीन लावून काढतात, तरी परत का येते?

पातेलं रिकामं केलं पण तळाशी चमचाभर विरजण राहिलं आणि वरून रोज कोमट दूध ओतत राहिलात तर दही लागणारच, तसंच आहे हे. इथे विरजण म्हणजे मशीन गेल्यावर काठाच्या गवतात, पुलाच्या खांबाला, नाल्यात राहिलेली झाडं, आणि त्याहून वाईट म्हणजे चिखलातलं बी, जे १५-२० वर्षं जिवंत राहू शकतं. आणि दूध म्हणजे आपलं सांडपाणी. मैलापाणी, साबणाचं पाणी, शेतातून वाहून आलेलं खत, यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो आणि जलपर्णीला तेच हवं असतं.

म्हणून जो कोणी सांगेल की नुसता पहारा ठेवून प्रश्न सुटेल, त्यावर विश्वास ठेवू नका. सांडपाणी प्रक्रिया न करता येत राहिलं तर काही ना काही वाढतच राहणार. पण सांडपाण्याचा प्रकल्प उभा राहायला वर्षं लागतात, पहारा येत्या रविवारपासून सुरू करता येतो, आणि पहाऱ्याची नोंद हातात असेल तर कोणत्या नाल्यातून काय येतंय हे पुराव्यानिशी मांडता येतं. मला तर ही दोन कामं वेगळी वाटतच नाहीत.

पहारा म्हणजे काय, दुसरीकडे कसं करतात

अमेरिकेत मिनेसोटा राज्य तळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, दहा हजार तळ्यांचं राज्य असंच म्हणतात त्याला. तिथे २०१५ साली कोरोनिस नावाच्या तळ्यात स्टारी स्टोनवर्ट नावाचं एक आक्रमक शेवाळ पहिल्यांदा सापडलं. हे युरोप-आशियाकडचं, पाण्याखाली वाढतं, बुडाशी त्याला चांदणीच्या आकाराचे बारीक पांढरे कंद येतात. वरून तर दिसत पण नाही. सरकारी माणसं हजारो तळी बघणार कशी? मग तिथल्या विद्यापीठाने २०१७ पासून "स्टारी ट्रेक" सुरू केला. ऑगस्टमधल्या एका दिवशी स्वयंसेवक ठरलेल्या ठिकाणी जमतात, थोडं ट्रेनिंग घेतात, आणि आपापल्या भागातल्या तळ्यांवर जातात. जातात म्हणजे कुठे, तर जिथून होड्या पाण्यात उतरवतात तिथे, कारण हे शेवाळ एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडीला चिकटूनच जातं. दोन दाताळी पाठीला पाठ लावून दोरीला बांधायची, पाण्यात फेकायची, ओढायची, काय अडकलं ते बघायचं, फोटो काढायचा, नोंद करायची. बस.

पहिल्याच वर्षी एका स्वयंसेवकाला ग्रँड लेक नावाच्या तळ्यात ते सापडलं. पट्टा लहान होता म्हणून हाताने उपटून काढता आला. तेच दोन-तीन वर्षं उशिरा सापडलं असतं तर? कोरोनिसमध्ये ते सापडलं तेव्हा आधीच मोठ्या भागात पसरलेलं होतं आणि तिथे आजवर मशीन, रसायनं, सगळ्यावर खर्च चालूच आहे.

एक गोष्ट मला या कामात फार मोलाची वाटते. बहुतेक स्वयंसेवकांना काहीच सापडत नाही, आणि "काही सापडलं नाही" हीसुद्धा नोंद म्हणून लिहितात. अमुक तारखेला अमुक कोपरा स्वच्छ होता हे लिहिलेलं असेल तरच पुढच्या वेळी सापडल्यावर कळतं की ही झाडं नवीन आहेत.

सॅटेलाइट आहे की, माणसं कशाला?

सॅटेलाइट खरंच उपयोगाचा आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी, आणि त्यात तलावावरचा हिरवा थर स्पष्ट दिसतो. पण त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन. त्या चौकोनात कोपऱ्यात वीस झाडं असली तर सॅटेलाइटला ती पाणीच दिसतात. वर पावसाळ्यात ढग. सॅटेलाइटने कळेपर्यंत गुणाकार बराच पुढे गेलेला असतो. त्याने तालुक्यातले सगळे तलाव एकदम बघावेत, माणसांनी काठ बघावा.

आपल्याकडे कधी आणि कुठे बघायचं

पावसाळ्यात पुराने बरीचशी जलपर्णी खाली वाहून जाते, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरला नदी मोकळी दिसते आणि सगळ्यांना वाटतं गेली. तेव्हाच बघायचं. ऑक्टोबर ते जानेवारी महिन्यातून दोनदा, तीच जागा, तोच रस्ता. जागा पण ठरलेल्या असतात: नाला मिळतो ते तोंड, वारा ज्या बाजूला ढकलतो तो काठ, पुलाखाली, घाटाच्या पायऱ्या, होड्या लावतात तिथे, आणि उसाला पाणी ओढणाऱ्या पंपांच्या आसपास जिथे पाणी संथ असतं.

यासाठी नवीन फौज उभी करायची गरज नाही. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे, तेव्हा नांदूर मध्यमेश्वर, भिगवण, अशा पाणथळ जागांवर दुर्बीण घेऊन माणसं पहाटेपासून बसलेलीच असतात. त्यांनी बदकं मोजताना पाण्यावर काय तरंगतंय याची एक ओळ लिहिली तरी केवढं काम होईल. पुण्यात जीवितनदी या संस्थेची माणसं नदीचा एकेक पट्टा दत्तक घेऊन नियमित जातात. आणि तलावावर रोज जाणारा मासेमार, त्याच्याइतकं तर कोणालाच कळत नाही, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. एक फोटो लांबून, जागा कळेल असा, एक पूर्ण झाडाचा मुळांसकट, एक पानाचा जवळून, आणि शेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल. आयनॅचरलिस्ट ॲप किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकला की जाणकार लोक ओळख तपासून देतात, आणि तारीख-ठिकाणासकट नोंद सगळ्यांसाठी राहते. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो चार दिवसांत वाहून जातो, कृपया तिथेच थांबू नका.

साधी माणसं ओळखणार कशी? चूक झाली तर?

चूक होते, म्हणून तर फोटो आणि तपासणी. जलपर्णीचं पान गोल, चकचकीत, देठ मध्ये फुगलेला आणि आत स्पंजसारखा, मुळं काळी-जांभळी आणि पिसांसारखी. पण गर्दी झाली की देठ लांब आणि सडपातळ होतो, फुगा दिसत नाही, तेव्हा गोंधळ होतो. दुसरी लक्षात ठेवायची ती साल्विनिया, ब्राझीलकडून आलेलं पाण्यावरचं नेचं, पानावर बारीक ताठ केस असतात त्यामुळे पाणी पानावर ठरत नाही. केरळात तिने खूप छळलं, आणि मध्य प्रदेशात बैतूलजवळ सारणीचं धरण तिने झाकून टाकलं होतं, तिथले लोक तिला चायनीज झालर म्हणायचे.

आता उलटी चूक, जी जास्त घातक आहे. शिंगाड्याच्या पानांचा देठ पण फुगीर असतो! पान मात्र पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं आणि कडेला दात असलेलं. विदर्भात शिंगाडा हे तळ्यातलं पीक आहे, कोणाचं तरी पोट त्यावर चालतं, ते तुम्ही स्वच्छता मोहीम म्हणून उपटून टाकलं तर? कमळ, कुमुदिनी, ही पण आपलीच. ॲझोला शेतकरी जनावरांच्या खाद्यासाठी वाढवतात, तो साल्विनियाचा चुलत भाऊ वाटतो. म्हणून क्रम असा: आधी फोटो, मग ओळख, मग हात.

दिसली की लगेच उपटू का?

ओळख पक्की असेल, झाडं थोडी असतील आणि काठावरून हात पोचत असेल तर हो, तलाव ज्यांचा आहे त्यांना सांगून. पाण्यात उतरायचं नाही. आपल्या शहरी तलावांमध्ये मैलापाणी असतं, काचा असतात, आणि पवईत तर मगरी आहेत. लांब बांबूला आकडा लावून ओढा, हातमोजे घाला. तोडू नका, पूर्ण झाड मुळासकट काढा, तुटून राहिलेला बुडखा परत फुटतो. काढलेलं काठावर टाकून जाऊ नका, पहिल्या पावसात ते परत पाण्यात जातं. पाण्यापासून लांब, उन्हात वाळवायचं.

पण जलपर्णी पाणी शुद्ध करते ना? खत करा, टोपल्या करा

हे अर्धं खरं आहे. ती पाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस, अगदी जड धातूसुद्धा ओढून घेते. पण ती तिथेच मेली आणि कुजली की ओढलेलं सगळं पाण्यात परत. शुद्धीकरण तेव्हाच, जेव्हा तुम्ही वेळेवर काढून नेता. आणि कारखान्यांचं पाणी येणाऱ्या नदीतली जलपर्णी खत म्हणून भाजीला घालण्याआधी, जनावरांना चारण्याआधी ती तपासली पाहिजे, कारण धातू तिच्यात साठलेले असतात. टोपल्या, कागद, बायोगॅस, सगळं होतं, करणाऱ्या बचत गटांचं कौतुकच आहे, फक्त त्याने तलाव मोकळा होईल ही अपेक्षा ठेवू नये, कारण ९० टक्के पाणी वाहून नेण्याचा खर्च कोणी करत नाही.

औषध मारा, नाहीतर किडे सोडा

तणनाशकाने ती मरते, पण मेलेला सगळा ढीग एकदम पाण्यात कुजतो, ऑक्सिजन संपतो, आणि तेच पाणी खालच्या गावाच्या नळाला जातं. माझा याला स्पष्ट विरोध आहे.

किड्यांचं वेगळं. जलपर्णीच्या मूळ देशातला एक भुंगा, जो फक्त तिच्यावरच जगतो, तो १९८०च्या दशकात बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने भारतात आणून तलावांत सोडला आणि काही ठिकाणी चांगला उपयोग झाला. साल्विनियावरचा वेगळा भुंगा केरळात यशस्वी झाला आणि अलीकडे सारणीला पण, जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या मदतीने. पण हे हळू चालतं, वर्षं लागतात, आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी भुंग्याच्या खाण्यापेक्षा जास्त वेगाने वाढते. शिवाय मध्येच मशीन लावली की जलपर्णीबरोबर भुंगे पण ट्रकमध्ये. इथेही पहारेकऱ्याचं काम आहेच, पानावर भुंग्याने कुरतडल्याच्या खुणा दिसतात का, वाढतायत का, हे कोणीतरी बघत राहायला लागतं.

हे काम मनपाचं आहे, आम्ही का करू?

काढणं, सांडपाणी रोखणं हे त्यांचंच काम आहे आणि स्वयंसेवकांच्या नावाखाली त्यांना त्यातून सुटका मिळता कामा नये. पण तुमच्या हातात जर नोव्हेंबरचे तारखेसकट फोटो असतील, की अमुक नाल्याच्या तोंडाशी पंधरा झाडं होती आणि तेव्हा लेखी कळवलं होतं, तर मार्चमधल्या टेंडरबद्दल प्रश्न विचारायची ताकद वेगळीच येते. पत्राची पोच घेऊन ठेवा.

आणि शेवटी, काढल्यावर त्या जागी काय?

अमेरिकेत सगळ्यात घाबरून असतात त्या पाणवनस्पतींपैकी एक आहे हायड्रिला. १९५०च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या धंद्यातून फ्लोरिडात पोचली आणि तेव्हापासून तिच्या मागे लागलेत लोक. आता गोंदिया जिल्ह्यात या. तिथे आणि भंडाऱ्यात हजारो जुने मालगुजारी तलाव आहेत, कोहळी समाजाने बांधलेले, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. या तलावांच्या काठाने बेशरम नावाची झुडपी वनस्पती पसरली, ही पण अमेरिका खंडातूनच आलेली, जनावरं खात नाहीत, तुटलेली फांदी चिखलात पडली की रुजते. तलावातले देशी मासे कमी झाले. तेव्हा अर्जुनी मोरगाव भागातल्या ढिवर समाजाच्या मासेमारांनी आणि बायकांनी बेशरम मुळापासून उपटली, तलावाचा तळ नांगरला, आणि दुसऱ्या तलावांतून आणून पाणवनस्पती लावल्या. त्यात हायड्रिला होती. कारण इथे ती घरची आहे, तिच्यात मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, पक्षी खातात. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहतो हे त्या लोकांना आधीपासून माहीत होतं, त्यांनी ते लिहून काढलं आणि त्यावरून काय लावायचं ते ठरवलं.

तुमच्या तलावाची यादी करायला घ्याल तेव्हा म्हणून दोन रकाने ठेवा, एक नको असलेल्यांचा, एक आपल्या वनस्पतींचा, आणि दुसरा रकाना भरायला तलावावर जाळं टाकणाऱ्या माणसाला सोबत घ्या. घरच्या मत्स्यटाकीतल्या वनस्पती नकोशा झाल्या तर नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका, वाळवून कचऱ्यात टाका. आणि जलपर्णीचं फूल कितीही आवडलं तरी घरच्या कुंडीत आणू नका, २०२० साली केरळात कोझिकोडजवळ अशाच एका परदेशी पाणवनस्पतीच्या गुलाबी फुलांचे फोटो व्हायरल झाले आणि बघायला गर्दी लोटली, तेव्हा जाणकारांना सांगत बसावं लागलं की ही घेऊन जाऊ नका, तुमच्या गावच्या तळ्यात पोचेल.